जंतू जहाल केव्हा होतो? पटकीच्या इतिहासातील एक प्रकरण

व्याख्यात्याच्या मेजावर पाण्याचा पेला झाकून ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. वक्त्याचा घसा कोरडा पडू नये एवढाच तिचा हेतू. परंतु आजच्या विषयात पेल्यालाच मानाचे स्थान असल्यामुळे आम्ही आरंभ तेथूनच करतो. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी जर्मनीतील म्युनिक शहरी त्र्याहत्तर वर्षे वयाच्या एका प्राध्यापकाने असाच एक पेला उचलला आणि रिकामा केला. त्यात पाणी होते, जठरातील आम्ल निष्प्रभ व्हावे म्हणून मुद्दाम टाकलेला सोडा होता, आणि प्रयोगशाळेत वाढवलेले पटकीचे असंख्य जंतू होते. या प्राध्यापकाचे नाव मॅक्स फॉन पेटेनकोफर. म्युनिकला स्वच्छ पाणी आणि भुयारी गटारे मिळवून देण्यात ज्याचा मोठा वाटा, असा हा मान्यवर माणूस. तेव्हा हे कृत्य वेडाच्या भरात झाले असे म्हणण्याची सोय नाही. त्याच सुमारास उत्तरेकडील हँबुर्ग बंदरात पटकीने आठ हजारांवर माणसे नेली होती. पेटेनकोफरांना पुढे काही दिवस पोट बिघडल्याचा त्रास झाला. खरी पटकी मात्र झाली नाही. आणि मौज अशी की, त्यांच्या मलाची तपासणी केली तेव्हा तीत तेच जंतू भरपूर सापडले. जंतू आत गेले होते, जगले होते, वाढलेही होते. मग ते गप्प का राहिले?

या प्रश्नाला त्या वेळी दोन पक्षांनी दोन उत्तरे दिली, आणि दोन्ही अपुरी होती. ती का अपुरी होती, आणि जंतूच्या पोटातील हुकूम वाचण्याची विद्या माणसाला कशी अवगत झाली, ही आजची कथा आहे. जंतू अंगात असणे ही एक गोष्ट आणि तो जहाल असणे ही दुसरी. 'जहाल' आणि 'मवाळ' हे शब्द महाराष्ट्रातील श्रोत्यांना राजकारणातून परिचित आहेत, आणि आम्ही तेच येथे वापरणार आहोत. फरक इतकाच की, राजकारणातले पुढारी सहसा आपला पक्ष सोडत नसत. आमचा जंतू मात्र स्थळ आणि वेळ पाहून एका दिवसात दोन्ही पक्ष फिरून येतो.

पटकी आपल्याला परकी नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात राहून लिहिलेला आणि १५६३ साली गोव्यातच छापलेला वनौषधींवरील ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात वांती-जुलाबाच्या एका भयंकर आजाराचे वर्णन असून त्याचे येथील लोकांत चालणारे नाव त्याने 'मोर्शी' असे दिले आहे. ही आपली मोडशी. हाच शब्द पोर्तुगिजांच्या तोंडी 'मोर्देशी' झाला, आणि फ्रेंचांनी त्याच्या नादावरून 'कुत्र्याचे मरण' अशा अर्थाचा शब्द बनवला. ओर्ताची मोडशी आणि आजची पटकी सर्वस्वी एकच की काय, हा विद्वानांचा वाद आहे. आम्ही त्यात पडत नाही. १८१७ साली बंगालमधील जेसोर भागात जी साथ उसळली तिच्याबद्दल मात्र संशय नाही. पेशवाई बुडाली त्या १८१८ साली ती दख्खनेत आणि मुंबईत येऊन पोचली, आणि पुढे आशियाभर पसरली. त्यानंतर शतकभर आपल्याकडे हे चित्र कायमचे झाले: पंढरीच्या वाटेवर साथ फुटावी, परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर ती गावोगाव पोचावी, सकाळी औत धरलेला गडी दिवेलागणीच्या आत आटोपावा, आणि गावाने मरीआईचा गाडा वेशीपलीकडे नेऊन सोडावा. पलीकडचे गाव तो गाडा मुकाट्याने पुढच्या वेशीवर ढकलीत असे. रोग एका गावाहून दुसऱ्या गावी जातो एवढे ज्ञान त्या गाड्यात होते, हे कबूल केले पाहिजे.

रोग कशाने जातो हे सांगणारा माणूस १८८३ च्या डिसेंबरात कलकत्त्यास उतरला. रॉबर्ट कॉख हे त्याचे नाव. पटकीच्या शोधात तो आधी इजिप्तमध्ये गेला होता, तेथील साथ ओसरली म्हणून तो रोगाच्या माहेरी आला. मेलेल्या रोग्यांच्या आतड्यांत आणि तांदळाच्या धुवणासारख्या पातळ मलात त्याला स्वल्पविरामाच्या आकाराचा एक वळवळणारा जंतू सर्वत्र आढळला. ज्या तळ्याकाठच्या वस्तीत पटकी झाली होती त्या तळ्याच्या पाण्यातही तो सापडला. हाच जंतू त्याच्या आधी तीस वर्षे, १८५४ साली, फिलिप्पो पाचीनी या इटालियनाने फ्लॉरेन्समध्ये पाहून ठेवला होता, पण कोणी लक्ष दिले नव्हते. कॉखच्या शोधाने जगाचे डोळे उघडले. एक उणीव मात्र राहिली, आणि ती त्याला स्वतःलाही बोचत होती. हे जंतू जनावरांना दिले तर त्यांना पटकी होईना. जंतू कारण असेल तर तो एकाला मारतो आणि दुसऱ्याला का सोडतो?

पेटेनकोफरांनी नेमके येथे बोट ठेवले. रोगाला तीन गोष्टी लागतात, असे त्यांचे म्हणणे. क्ष म्हणजे जंतू; य म्हणजे जमिनीची आणि ऋतूची विशिष्ट स्थिती, जिच्यात त्या जंतूला पक्वता येते; आणि झ म्हणजे माणसाच्या अंगचा कमकुवतपणा. नुसता क्ष पोटात गेला तर काही होत नाही, हे दाखवण्यासाठी त्यांनी तो पेला घेतला. कॉखच्या पक्षाने याला म्हातारपणाचा हट्ट म्हटले, आणि जमिनीच्या बाबतीत ते खरेही होते. पाण्याने पटकी पसरते, मातीच्या वाफांनी नव्हे. तरी त्या जुन्या समीकरणातील 'य' अगदीच पोकळ नव्हता असे आम्हाला वाटते. जंतूला पक्वता यावी लागते ही कल्पना बरोबर होती. ती पक्वता जमिनीत येत नसून माणसाच्या आतड्यात येते, एवढीच चूक.

त्याच १८९२ सालच्या जुलैत पॅरिसमध्ये वाल्देमार हाफकिन याने पटकीची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. हाफकिनचे नाव मुंबईकरांना सांगावयास नको. पुढे १८९६ च्या प्लेगाने त्याला मुंबईस आणले, आणि परळच्या ज्या जुन्या राजभवनात १८९९ साली त्याची प्रयोगशाळा गेली तिला १९२५ पासून त्याचेच नाव आहे. पटकीच्या लशीसाठी त्याने केलेली करामत आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. गिनीपिगाच्या पोटातून जंतूंना एकामागून एक फेऱ्या करावयास लावले की ते अधिकाधिक जहाल होतात, आणि अधिक उष्णतेत व हवेच्या झोतात वाढवले की मवाळ होतात, हे त्याला माहीत होते. म्हणजे जहालपणा वरखाली करता येतो, हे लोकांना हाताने येत होते. का, हे डोक्याला ठाऊक नव्हते.

यानंतर कितीतरी वर्षे ही विद्या एका आडरानात अडकली. पटकीचे विष जंतूच्या कुडीतच असते आणि जंतू मेला म्हणजे ते बाहेर पडते, असे युरोपातील थोरांनी ठरवून टाकले होते, आणि पाठ्यपुस्तके तेच घोकत राहिली. ही कोंडी फुटली ती कलकत्त्यात. शंभुनाथ डे हे हुगळी जिल्ह्यातील एका गरीब घरचे मूल. लंडनमध्ये डॉक्टरेट करून परतलेले, आणि कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्र शिकवणारे. त्यांची युक्ती ऐकावयास अगदी साधी आहे. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन बाजूंनी दोऱ्याने बांधावयाचा आणि त्यात जंतू सोडावयाचे. संपूर्ण सशाला पटकी होत नाही, पण त्या बांधलेल्या तुकड्यात दुसऱ्या दिवशी टम्म पाणी भरते. ही रीत त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. मग त्यांनी पुढचे पाऊल टाकले. जंतू ज्या रसात वाढले तो रस गाळून, एकही जंतू त्यात राहणार नाही अशी खात्री करून, तो निर्जंतुक रस आतड्याच्या तुकड्यात भरला. पुन्हा पाणी भरले. जिवंत जंतू स्वतः बाहेर विष सोडतो, हे मे १९५९ मध्ये 'नेचर' पत्रातील त्यांच्या छोट्याशा लेखाने सिद्ध झाले.

आणि हा योगायोग पाहा. त्याच १९५९ साली मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्त, पानसे आणि कुलकर्णी या तिघांनी दूधपित्या सशांच्या पिलांच्या आतड्यात जंतूंविरहित विष घालून त्यांना प्राणघातक जुलाब लागतात असे दाखवले. दूधपित्या पिलांना पटकी होते हे दत्त आणि हब्बू यांनी १९५५ सालीच कळवले होते. जी गोष्ट बर्लिन आणि पॅरिसला पाऊणशे वर्षांत उलगडली नाही ती कलकत्ता आणि परळ यांनी तुटपुंज्या साधनांवर एका वर्षात उलगडली. डे यांच्या वाट्याला मात्र आपल्या देशात बराच काळ उपेक्षा आली. १९६९ साली अमेरिकेत फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले तेव्हा जगाला त्याची किंमत कळली. १९७३ साली डे निवृत्त झाले, १९७८ साली स्टॉकहोमला नोबेल प्रतिष्ठानच्या परिसंवादात त्यांना मानाने बोलावले गेले, १९८५ च्या एप्रिलात ते वारले. देशातील मोठ्या विज्ञान-अकादम्यांपैकी एकीलाही त्यांना आपला सभासद करून घ्यावे असे वाटले नाही. त्यांच्यावर खास अंक निघाला तो १९९० साली. मेल्या म्हशीला मणभर दूध, असे आपण म्हणतो. पण येथे जिवंतपणी दुधाची चौकशीच कोणी केली नव्हती.

हे विष करते काय, तेही सांगितले पाहिजे. त्याचे सहा भाग असतात. पाच भाग आतड्याच्या पेशीला बिलगतात आणि सहावा आत शिरतो. आत गेल्यावर तो पेशीतील एक कळ कायमची चालू करून ठेवतो, त्यामुळे पेशी क्षार बाहेर टाकीत राहते आणि क्षारामागे पाणी धावते. रोग जोरात असेल तर माणूस तासाला एक लिटरपर्यंत पाणी गमावतो. आतड्याला जखम होत नाही, रक्त येत नाही. माणूस वाळून मरतो.

आता मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो. विष करण्याची कृती जर जंतूच्या अंगी लिहिलेलीच आहे, तर तो ते सदासर्वकाळ का करीत नाही? प्रयोगशाळेत एका रसात तो भरपूर विष करतो, दुसऱ्यात मुळीच करीत नाही, जंतू तोच. याचे उत्तर पटकीशी काडीचा संबंध नसलेल्या ठिकाणी मिळाले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो हे दोघे आपल्या आतड्यातील एक सामान्य जंतू दुधातील साखर कशी पचवतो याचा विचार करीत होते. साखर असेल तेव्हाच तो ती पचवण्याचे साहित्य तयार करतो. नसेल तेव्हा करीत नाही. १९६१ साली त्यांनी मांडले की, जनुके दोन प्रकारची असतात. काही कामकरी, आणि काही मुकादमाची. मुकादम कामकऱ्याच्या दारावर बसून राहतो; खूण मिळाली की उठतो.

येथे थोडे दप्तराचे ज्ञान लागेल. जंतूचे डीएनए हे मूळ दप्तर समजावे. दप्तरातला मूळ कागद बाहेर न्यावयाचा नसतो. त्याची नक्कल काढावयाची आणि ती कारखान्यात पाठवावयाची. ही नक्कल आरएनएची असते, आणि तिच्यावरून प्रथिन तयार होते. प्रथिन हेच विष, प्रथिन हाच आकडा, प्रथिन हीच चावी. मुकादम दप्तराशी बसून नक्कल काढू देत नाही, असे जाकोब-मोनोंचे म्हणणे होते. हा मुकादम कोणत्या द्रव्याचा असेल? त्यांचा कयास होता की तो आरएनएचाच असावा. १९६६ साली हार्वर्डमध्ये गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी त्या दुधाच्या साखरेचा मुकादम प्रत्यक्ष पकडला, तेव्हा तो प्रथिन निघाला. झाले! आरएनए म्हणजे नुसता निरोप्या, कारभार प्रथिनांचा, असा समज पुढे दोन दशके रूढ झाला. चुकीच्या ठिकाणी केलेला बरोबर कयास कसा अडगळीत पडतो याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

पटकीच्या जंतूचा पहिला मुकादमही प्रथिनच निघाला. १९८४ साली व्हर्जिनिया मिलर आणि जॉन मेकालॅनोस यांनी हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात त्याचा छडा लावला आणि त्याला 'टॉक्स-आर' म्हटले. तीन वर्षांनी कळले की हा गृहस्थ अगदी उंबरठ्यावर उभा असतो. त्याचे एक अंग जंतूच्या आतल्या पापुद्र्याबाहेर असते, दुसरे आत डीएनएला धरून असते. बाहेरची हवा चाखावयाची आणि आत हुकूम द्यावयाचा. त्याच्या हाताखाली 'टॉक्स-टी' हा दुसरा कारभारी आहे, आणि टॉक्स-टीच्या हुकमाने दोन गोष्टी एकदम निघतात. एक विष, आणि दुसरी केसासारख्या बारीक तंतूंची जुडी, जिच्या साह्याने जंतू एकमेकांना घट्ट धरून आतड्यात ठाण मांडतात. नुसते विष केले आणि ठाण नसले तर जंतू स्वतःच वाहून जाईल. नुसते ठाण मांडले आणि विष नसले तर साथ पसरणार नाही. दोन्हींची किल्ली एकाच कंबरेला.

१९९६ साली वॉल्डर आणि मेकालॅनोस यांनी याहून विलक्षण गोष्ट दाखवली. विषाचे जनुक मुळात जंतूचे नाहीच! जंतूंना लागण करणारा एक विषाणू असतो, तो ते आपल्याबरोबर घेऊन येतो, आणि तो आत शिरतो तो नेमका त्या तंतूंच्या जुडीला धरून. म्हणजे ज्या आकड्याने जंतू आतड्यात टिकतो, त्याच आकड्याला लोंबकळत विष जंतूच्या घरात येते. नद्यांच्या मुखांशी, खाड्यांत, बारीक कवचधारी जीवांच्या पाठीवर हे जंतू पुष्कळ राहतात आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. २००३ साली बांगलादेशातील मतलब भागातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या साडीची चौपदरी घडी करून पाणी गाळले, तर हे कवचधारी जीव अडतात आणि पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरते, असे त्यात दिसले. पाणी गाळून प्यावे हे सांगणाऱ्या आपल्या आजीला कवचधारी जीव ठाऊक नव्हते. साडी ठाऊक होती.

अडगळीत पडलेला आरएनएचा कयास परत येण्याची वेळ आता झाली होती. १९८१ मध्ये काही जंतूंतील सुट्या डीएनएच्या वलयांत एक लहानसा आरएनए दुसऱ्या आरएनएला चिकटून त्याचे काम अडवतो असे दिसले होते. १९८४ साली मासायोरी इनोऊये यांच्या गटाने जंतूच्या मूळ दप्तरातूनच निघणारा असा एक आरएनए दाखवला. त्याच्यावरून कोणतेही प्रथिन बनत नाही. आरएनएच्या अक्षरांचे जोडीदार ठरलेले असतात. ज्या नकलेशी आपली अक्षरे जुळतात तिला हा तुकडा बिलगतो, आणि ती नक्कल कारखान्यात वाचली जात नाही. दप्तर शाबूत, नक्कलही निघालेली, पण तिच्यावर कोणी कागदाचा कपटा चिकटवून ठेवलेला! अशा तुकड्यांना लघु आरएनए म्हणतात. ते करावयास खर्च थोडा, वेळ थोडा. संकटाच्या घटकेला जंतूला याहून सोयीचे हत्यार मिळणे कठीण.

रोगाच्या बाबतीत हे हत्यार पहिल्याने ठळकपणे दिसले ते पटकीत नव्हे, तर गळवे आणि पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकसमध्ये. १९९३ साली न्यूयॉर्कच्या रिचर्ड नोव्हिक यांच्या गटाने दाखवले की, त्या जंतूची विषे सोडण्याची आज्ञा पाचशे चौदा अक्षरांचा एक आरएनए स्वतः देतो. पटकीच्या जंतूची पाळी २००४ मध्ये आली, आणि तिच्यासाठी आपल्याला सभागृहाचा एक शब्द उसना घ्यावा लागेल: गणपूर्ती.

सभेला ठरलेली संख्या जमल्याखेरीज ठराव होत नाहीत. समुद्रातील काही प्रकाशमान जंतूही असेच वागतात, हे १९७० साली हेस्टिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. प्रत्येक जंतू एक रसायन पाण्यात सोडतो. गर्दी वाढली की रसायन दाट होते आणि सारे एकदम उजळतात. प्रिन्स्टनच्या बॉनी बॅसलर यांनी हाच हिशेब पटकीच्या जंतूत शोधला. २००२ साली असे उघड झाले की हा जंतू उलट्या रीतीने चालतो. स्टॅफिलोकॉकस गर्दी झाली की हल्ला करतो. पटकीचा जंतू एकटादुकटा असताना जहाल असतो आणि गणपूर्ती झाली की मवाळ होतो! प्रथम हे ऐकून कोणीही चक्रावेल. पण विचार केला तर त्यात मोठा धूर्तपणा आहे. आतड्यात थोडे जंतू पोचतात तेव्हा त्यांना पाय रोवून विष सोडावयाचे असते. कोट्यवधी झाल्यावर त्यांचे काम संपलेले असते. आता आकडे सोडावयाचे, रोग्याच्या मलाबरोबर बाहेर पडावयाचे, आणि पुढचा पेला गाठावयाचा.

हा पालट करणारी कळ म्हणजे चार लघु आरएनए. प्रत्येक सुमारे शंभर अक्षरांचा. जंतूच्या एकूण चाळीस लाख अक्षरांच्या दप्तरात ही केवढीशी टिकली! गर्दी नसते तेव्हा हे चौघे तयार होतात आणि 'हॅप-आर' नावाच्या मवाळ मुकादमाच्या नकलेला बिलगून तिचा नाश घडवतात. मवाळ मुकादम नाही, म्हणून टॉक्स-टीची साखळी मोकळी, विष चालू. गर्दी झाली की चौघांची निर्मिती थांबते, हॅप-आर तयार होतो आणि विषाचे काम बंद पाडतो. चौघांपैकी कोणताही एक असला तरी भागते. चारही काढून टाकले तरच साखळी तुटते. यांना नकलेशी गाठ घालून देणारा एक मध्यस्थ लागतो, तो सहा पाकळ्यांच्या कड्यासारखा 'एच-एफ-क्यू' नावाचा प्रथिन. हा १९६८ सालापासून माहीत होता, पण एका विषाणूला मदत करणारा किरकोळ इसम म्हणून. बॅसलर यांच्या गटाने साखळीतील हरवलेला दुवा शोधताना हाच पुनःपुन्हा हाती लागला, आणि मध्यस्थ सापडला म्हणजे ज्यांच्यासाठी तो मध्यस्थी करतो ते असलेच पाहिजेत, या तर्काने संगणकाच्या साह्याने ते चौघे पकडले गेले. त्याच २००४ साली वॉल्डर यांच्या प्रयोगशाळेने हा मध्यस्थ जंतूतून काढून टाकला, तेव्हा उंदरांच्या पिलांत त्या जंतूचा जहालपणा पार ओसरला.

चित्र फार सुबक झाले असे वाटू लागले की निसर्ग एखादी रेघ वाकडी ओढतो. ज्या जातीचे संपूर्ण दप्तर २००० साली पहिल्याने वाचण्यात आले, ती एका रोग्यापासूनच मिळालेली जात. आणि तिच्यातच हॅप-आरचे जनुक बिघडलेले निघाले. म्हणजे मवाळ मुकादम गमावूनही काही जंतू रोग करीतच राहतात. गणपूर्ती ही एक कळ आहे, एकमेव नव्हे. आणखीही लघु आरएनए सापडले आहेत. एक कवचाचे द्रव्य लागले की जंतूला परके डीएनए गिळावयास शिकवतो, दुसरा बाहेरच्या पापुद्र्यातील प्रथिन आवरतो. त्या सर्वांची नावनिशी आज देत नाही. एका शोधाचा उल्लेख मात्र टाळवत नाही. २०१४ साली असे दिसले की टॉक्स-टीची नक्कल स्वतःच एक उष्णतामापक आहे. थंड पाण्यात तिचा आरंभीचा भाग स्वतःवर दुमडून बसतो आणि वाचला जात नाही. सदतीस अंश उष्णतेला ती घडी उलगडते. सदतीस अंश म्हणजे तुमच्याआमच्या पोटातील ऊब. हाफकिन ज्या उष्णतेशी हाताने खेळत होता तिचा एक पत्ता असा आरएनएच्या घडीत लिहिलेला निघाला.

आता पेटेनकोफरांच्या पेल्याकडे परत जाऊ. त्यांच्या अंगी आधीची प्रतिकारशक्ती असावी, हे एक स्पष्टीकरण नेहमी देतात, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण २००२ साली ढाक्याच्या रोग्यांवरून आणखी एक गोष्ट कळली. रोग्याच्या मलातून नुकतेच बाहेर पडलेले जंतू प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंपेक्षा कितीतरी पटींनी अधिक संसर्गकारी असतात. आतड्यातून जाताना त्यांची जनुके एका विशिष्ट घडणीत बसलेली असतात, आणि बाहेरच्या पाण्यात काही तास ती घडण टिकते. म्हणूनच साथीत घरातल्या घरात माणसे एकामागून एक पडतात. पेटेनकोफर जे प्याले ते रोग्याकडून आलेले ताजे पाणी नव्हते. प्रयोगशाळेतल्या रसात वाढलेले जंतू होते. त्यांचा 'य' त्या पेल्यात नव्हता.

या साऱ्या ज्ञानाचा उपयोग काय, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारील, आणि तो रास्त प्रश्न आहे. जंतूला मारणारी औषधे वापरली की काही जंतू त्यांना न जुमानणारे निघतात आणि तेच माजतात. त्यापेक्षा जंतूला मारावयाचेच नाही, नुसते मवाळ ठेवावयाचे, असा विचार पुढे आला. २००५ साली टॉक्स-टीला निकामी करणारे एक लहान रसायन मेकालॅनोस यांच्या गटाला सापडले आणि त्याने उंदरांची पिले बचावली. २०१० साली कॉर्नेल विद्यापीठातील दोघांनी त्याहून मिस्कील प्रयोग केला. आतड्यात राहणाऱ्या एका निरुपद्रवी जंतूला त्यांनी पटकीच्या जंतूचे गणपूर्तीचे रसायन करावयास शिकवले आणि तो उंदरांच्या पिलांना आधी पाजला. मागून आलेले पटकीचे जंतू थोडेच होते. पण सभागृहात गर्दी झाली आहे अशी त्यांची समजूत झाली, आणि पुष्कळ पिले जगली.

ही अजून उंदरांची गोष्ट आहे. माणसांसाठी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी जे केले तेच आजही पहिले. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले तेव्हा त्यांनी पिंपांत मीठ, सोडा आणि ग्लुकोज कालवून ते पाणी रोग्यांना तोंडाने पाजले, आणि शंभरांत तीसच्या आसपास जाणारे मृत्यू चारांच्याही खाली आणले. विषाने चालू केलेली कळ ते पाणी बंद करीत नाही. गेलेले पाणी तेवढे भरून काढते. कळ काही दिवसांत, आतड्याचे जुने अस्तर झडून नवे आले म्हणजे, आपोआप बंद पडते. तोपर्यंत रोग्याच्या उशाशी बसून कोणीतरी पेला भरीत राहावे लागते.